एसयूव्ही की सेडान: मागच्या सीटवर बसणाऱ्यांनी बोलायचा धागा

तिसरा_गिअर:

नमस्कार मंडळी,

घरात गाडी बदलायचं चाललंय. बजेट ऑन रोड सतरा-अठरा लाख. मायलेज, पिकअप, रीसेल, सर्व्हिस यांवर इथे ढीगभर धागे आहेत आणि ते सगळे वाचून झालेत, त्यामुळे ते विषय कृपया तिकडेच. इथे फक्त बसण्याबद्दल बोलू, आणि तेही मागे बसण्याबद्दल. चालवणाऱ्याचं कौतुक सगळीकडे होतच असतं.

आमच्याकडे मागे बसणारे तिघं. आई, वय बहात्तर, दोन्ही गुडघे कुरकुरणारे आणि ऑपरेशनला ठाम नकार. मुलगा दहावीत, पण उंची सहा फुटांना टेकलेली. दोघांच्या मध्ये बायको, कारण मुलाला मध्ये बसवलं की आरशात फक्त त्याचं डोकं दिसतं. बाबा पुढे. गणपती, मे महिना आणि मधली लग्नकार्यं धरून पुणे–चिपळूण ठरलेलं. कधी ताम्हिणी उतरून माणगाववरून, कधी कऱ्हाडवरून कुंभार्लीने.

शोरूमवाला, शेजारचे काका, ऑफिसातली पोरं, सगळ्यांचं एकच पालुपद: एसयूव्ही घ्या, ऐसपैस असते. म्हणून आकडे समोर मांडून बसलो, तर हे ऐसपैस प्रकरण काही केल्या सापडेना.

सगळ्यात स्वच्छ तुलना स्कोडाची. सेडान स्लाव्हिया आणि एसयूव्ही कुशाक एकाच प्लॅटफॉर्मवरच्या, म्हणजे खालचा सांगाडा तोच. पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, म्हणजे व्हीलबेस, दोन्हींचा २,६५१ मिमी. लांबीला सेडान ४,५४१, एसयूव्ही ४,२२५. म्हणजे एसयूव्ही चांगली फूटभर आखूड! डिकी सेडानला ५२१ लिटर, एसयूव्हीला ३८५. ह्युंदाईकडे बघा: सेडान व्हर्नाचा व्हीलबेस २,६७०, एसयूव्ही क्रेटाचा २,६१०, डिकी ५२८ आणि ४३३. होंडाने तेवढं उलटं केलंय, सेडान सिटी २,६०० आणि एसयूव्ही एलिव्हेट २,६५०, पण डिकी तिथेही सिटीचीच मोठी, ५०६ विरुद्ध ४५८.

एसयूव्ही जिंकते ती उंचीत. आणि तरीही आत बसून पाहिलं की एसयूव्हीच मोकळी वाटते, हेही खरं. मला वाटली. मग हे नुसतं वाटणं आहे की खरंच काही मिळतं? आणि चार-पाच तास बसल्यावर त्यातलं काय उरतं? जे वाटतं ते आणि जे आहे ते वेगळं करून लिहिलंत तर उपकार होतील.


गोडांबा:

इनोव्हा. धागा बंद करा.


तिसरा_गिअर:

@गोडांबा, सोसायटीत स्टॅक पार्किंग आहे, गाड्या ट्रेवर चढवून एकावर एक लावायचं. ट्रेवर उंचीची आणि वजनाची मर्यादा लिहिलीय, क्रेटाच्या उंचीची गाडीच कशीबशी बसते. शिवाय बजेटही वाचा की राव.


चाकणकर:

सीट बनवणाऱ्या कारखान्यात आहे. कंपनी विचारू नका.

तुम्ही ज्याला मोकळं वाटणं म्हणताय त्याला आमच्याकडे माप आहे. बसलेल्या माणसाच्या खुब्याचा सांधा जिथे येतो त्या बिंदूला एच-पॉइंट म्हणतात. गाडीच्या आतलं सगळं ड्रॉइंग या बिंदूभोवती होतं. त्याच्या दोन उंच्या लक्षात ठेवायच्या. तो रस्त्यापासून किती वर आहे यावर चढणं-उतरणं ठरतं. तो पायाखालच्या फ्लोअरपासून किती वर आहे यावर बसणं ठरतं. लोक या दोन्हींची सरमिसळ करतात, आणि सेल्समन ती करू देतो.

सेडानचं छत खाली, म्हणून खुबाही खाली घ्यावा लागतो. खुबा फ्लोअरच्या जवळ आला की पाय पुढे पसरावे लागतात, नाहीतर गुडघे वर येतात. पसरायचे तर लांबी लागते. एसयूव्हीत छत वर, खुबा वर, गुडघा काटकोनाच्या जवळ, पाऊल सरळ खाली. तोच माणूस कमी लांबीत मावतो. म्हणून व्हीलबेस तोच असला तरी एसयूव्हीत गुडघ्यापुढे जागा जास्त दिसते. गाडी लांब झालेली नाही, माणूस आखूड झालाय.

आता यातली मेख. हे सगळं फ्लोअर खाली असेल तर. सीट रस्त्यापासून उंच, पण फ्लोअरही तेवढंच वर आणलेलं, अशी गाडी असेल तर चढायला कसरत आणि बसल्यावर पाटावर बसल्यासारखं: गुडघे छातीशी, मांड्या अधांतरी. स्कॉर्पिओ-एन, फॉर्च्युनर अशा शिडीच्या चासीवरच्या गाड्यांत चासीच्या वर फ्लोअर येतं, ते हवं तितकं खाली नेता येत नाही. फॉर्च्युनर ४,७९५ मिमी लांब आहे आणि व्हीलबेस २,७४५. रस्त्यावर ती डोंगराएवढी दिसते, त्या मानाने आतली दुसरी रांग बेताची.

शोरूममध्ये एवढं करा. पाठ पूर्ण मागे टेकवून बसा आणि सीटच्या पुढच्या कडेपाशी मांडीखाली हात घाला. हात सहज सरकला आणि वर पोकळी राहिली तर दोन तासांनी कंबर बोलणार, कारण मांड्यांनी घ्यायचं वजन बैठकीच्या हाडांवर जातं. त्याच वेळी ती कड गुडघ्याच्या लवणीत रुतता कामा नये, मध्ये दोन-तीन बोटं अंतर हवं. आणि मऊ सीटला भुलू नका. पाच मिनिटं मऊ फोम छान वाटतो. तासाभराने तो दबून जातो आणि मग खाली काहीच उरत नाही. जर्मन गाड्यांच्या सीट आपल्याकडे लोकांना आधी टणक वाटतात, सोलापूरला पोचल्यावर मत बदलतं.


तिसरा_गिअर:

'माणूस आखूड झालाय' हे भारी आहे. सेव्ह करून ठेवतो.


जर्सीकर:

चाकणकरांच्या मुद्द्याला इकडचा आकडा जोडतो. आपल्याकडच्या बहुतेक ब्रोशरांत लेगरूम, म्हणजे पायांच्या जागेचं माप, नसतं, अमेरिकेत ते जाहीर करतात. टोयोटाची मागच्या पिढीतली सेडान कॅमरी आणि तिच्याच काळातली एसयूव्ही रॅव्ह-फोर घ्या. व्हीलबेस कॅमरीचा २,८२५ आणि रॅव्ह-फोरचा २,६९०, म्हणजे साडेतेरा सेंटिमीटरचा फरक. मागच्या सीटचं लेगरूम? कॅमरी ३८ इंच, रॅव्ह-फोर ३७.८. फरक अर्धा सेंटिमीटर. बाकीचा सगळा उंच बसवण्यात भरून निघाला.

बाय द वे, इकडे ईपीए, म्हणजे सरकारी पर्यावरण खातं, सेडानचा वर्ग आतल्या घनफळावरून ठरवते, माणसांची जागा आणि डिकी मिळून. ११० ते ११९.९ घनफूट असेल तर मिडसाइझ, १२० पासून पुढे लार्ज. एसयूव्हीला मात्र वजन लावतात. सेडान आतून मोजायची आणि एसयूव्ही तराजूत घालायची! भारतात कर लावताना लांबी, इंजिन आणि ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे गाडीचं पोट रस्त्यापासून किती वर, ते बघतात. आत माणूस कसा बसलाय याच्याशी दोन्हीकडे कुणाला देणंघेणं नाही.


मधली_सीट:

अखेर कुणीतरी हा धागा काढला. आयडीवरून कळलं असेलच, माहेरी तीन भावंडांत मधली आणि सासरी गाडीत दोन जावांच्या मधली. त्यामुळे या विषयावर बोलायचा अधिकार माझा.

लेगरूम, हेडरूम सगळं कडेच्या माणसांचं मोजतात. मधल्या माणसाचं गणित वेगळंच. पहिलं म्हणजे पायाखालचा उंचवटा. फ्रंट व्हील ड्राइव्ह गाडीत इंजिन पुढचीच चाकं फिरवतं, मागच्या चाकांकडे शाफ्ट जात नाही, मग हा बोगदा कशाला असं मी नवऱ्याला विचारलं होतं. सायलेन्सरचा पाइप जातो आणि बॉडीला मजबुती मिळते म्हणे. असेल. काही गाड्यांत तो नावापुरता असतो आणि काहींत घोट्याच्या वर. स्लाव्हिया, कुशाक आणि फोक्सवॅगनच्या व्हर्टस, टायगन, चारही एकाच घरच्या, आणि चारही गाड्यांत तो चांगलाच उंच आहे. पाय दोन बाजूंना टाकायचे म्हणजे एक पाय मोठ्या जाऊबाईंच्या चपलेवर आणि दुसरा धाकटीच्या.

दुसरं म्हणजे मागच्या एसीच्या झोताचा डबा. तो पुढच्या दोन सीटच्या मधून मागे आलेला असतो आणि नेमका आपल्या नडगीला लागतो. कडेच्यांना गार वारा, मधलीला टेंगूळ. आणि पाठीला ती दुमडून ठेवलेली आर्मरेस्ट. बाकी सीटला फोम, तिथे फळी.

रुंदीचं म्हणाल तर क्रेटा १,७९०, कुशाक १,७६०, स्लाव्हिया १,७५२, सिटी १,७४८. बाहेरून जेमतेम चार सेंटिमीटरचा फरक, आणि तो दाराच्या जाडीत कुठे जिरतो ते कळतही नाही. त्यापेक्षा सीटचा आकार बघा. कडेच्या दोन जागा छान खोलगट केल्या की मधली आपोआप उंच होते. मग मधलं डोकं छताला. सेडानमध्ये छत मागे उतरतं म्हणून हे जास्त जाणवतं, पण एसयूव्हीला पॅनोरॅमिक सनरूफ घेतलंत तर तिथेही दीड-दोन बोटं गेलीच म्हणून समजा.

थोडक्यात, मागे तिघं बसणार असतील तर आधी सपाट बाक शोधा. वरून डबा कुठल्या आकाराचा आहे ते नंतर.


उंच_बस:

सगळे सेडानवाले गोळा झालेत इथे. अहो, आपले रस्ते बघा. मागे तिघं, डिकीत सामान, आणि गावातला तो हाताने घातलेला स्पीडब्रेकर. सेडानचं पोट घासलं की मागच्यांच्या तळपायाला कळतं. वर बसलं की लांबवरचं दिसतं, ट्रकच्या चाकाशी डोकं येत नाही. त्याचा मनाला आराम असतो तो कुठल्या टेपने मोजणार?


पिवळी_पाटी:

राम राम. साताऱ्यात आपल्या टुरिस्टच्या गाड्या आहेत, सेडानही आहे आणि मोठीही. मागं बसणाऱ्याचं मला रोज ऐकायला लागतं, म्हणून लिहितो.

घाटात गाडी लागते ती सीट मऊ का कडक यानं नाही. वळणाला गाडी कलते, आणि माणूस जितका उंच बसलेला तितकं त्याचं डोकं जास्त फिरतं. एक चाक खड्ड्यात गेलं की उंच गाडीत मान डावी-उजवी होते. सेडानला खालनं ठोका बसतो, आवाज येतो, पण मान जागेवर राहते. शिवाय नव्या एसयूव्हीच्या मागच्या खिडक्या बघा. पत्रा वर चढवलाय, काच बारकी केलीय, आत सगळं काळं. पोराला रस्ता दिसत नाही, पुढच्या सीटची पाठ दिसते. मग आलेपाक द्या नाहीतर लिंबू हुंगवा, पिशवी लागणारच. कुंभार्लीला, महाबळेश्वरला लहान पोरं असली की मी सेडान पाठवतो.

म्हातारी माणसं असली की उलट. गोंदवलं, शिंगणापूर, औंध अशी देवदेव करणारी पार्टी असते. दर तासाला उतरायचं, चढायचं. सेडानमधनं उतरताना आज्या दाराला लोंबकळतात. दोन माणसं हात द्यायला लागतात आणि तिसऱ्या देवळाला त्या म्हणतात मी गाडीतच बसते, इथूनच नमस्कार. तिथं मोठी गाडीच पाहिजे.

मी गिऱ्हाइकाला एवढंच विचारतो, किती वेळा उतरायचंय? सलग जायचं असलं तर सेडानमध्ये माणूस झोपून जातो. उतर-चढ असली तर उंच गाडी.


तिसरा_गिअर:

@पिवळी_पाटी, हा प्रश्न मला कुठल्याही रिव्ह्यूत दिसला नाही. आमचं तर दोन्ही आहे, चिपळूण सलग आणि तिथे पोचल्यावर नातेवाईक.

@उंच_बस, मुद्दा पोचला. पोट घासणं मान्य. दिसण्याचं मात्र मागे बसणाऱ्याला कितपत लागू आहे? पुढच्या सीटची पाठच उंच असते.


फिजिओताई:

पिवळी पाटी यांच्याशी बरीचशी सहमत, पण 'उंच गाडी' म्हणताना जपून. माझ्याकडे गुडघ्याचे पेशंट येतात. सगळ्यात अवघड काय, तर खोल बसणं आणि तिथून उठणं. बसल्यावर कुल्ले गुडघ्यांच्या खाली गेले की उठताना मांडीच्या स्नायूंवर आणि वाटीवर ताण वाढतो. सेडानचं दुखणं ते. पण फार उंच गाडीत एका पायावर सगळं वजन घेऊन वर चढावं लागतं, आणि तो पाय दुखऱ्या गुडघ्याचा असतो. पायदान लावून पायऱ्या दोन होतात, दुखणं तेवढंच राहतं. सगळ्यात बरी सीट म्हणजे उभं राहून मागे टेकलं की बसलं, अशी. क्रेटा, एलिव्हेट या वर्गातल्या गाड्या बऱ्याच जणांना या उंचीला येतात. पण माणसागणिक उंची बदलते, म्हणून 'अमुक गाडी घ्या' असं सांगत नाही.

बसायची रीतही सांगून ठेवते. डोकं आत घालून, एक पाय टाकून शिरायचं नाही. पाठ गाडीकडे करायची, काठावर बसायचं, मग दोन्ही पाय एकत्र उचलून आत. उतरताना याच्या उलट. हे जमायला दार भरपूर उघडलं पाहिजे. सोसायटीच्या पार्किंगमध्ये दोन गाड्यांच्या मधे उंच गाडी काय आणि सेडान काय, सारखंच.

आणि दाराचा उंबरठा बघा. तो रुंद असेल तर सीटची कड आत राहते आणि काठावर बसायला जागाच मिळत नाही. लांबीला आखूड गाड्यांत मागच्या चाकाची कमान दाराच्या जागेत शिरलेली असते. पावसाळ्यात आजी उतरल्या की साडीच्या मागच्या बाजूला चिखलाचा चंद्र उमटतो. तो दिसला की समजायचं, दार छोटं आहे.

आईंना शोरूममध्ये न्या. एकदा बसवून 'बरी आहे' म्हणवून घेऊ नका. आई लोक मुलाचा चेहरा बघून बरी आहे म्हणतात. तीनदा बसवा-उतरवा आणि शक्य असेल तर गाडी थोड्या चढावर उभी करून.


मधली_सीट:

चिखलाचा चंद्र! अगदी अगदी.


अँबीवाला:

या धाग्यात म्हातारी गाडी कशी आली नाही अजून? अँबॅसॅडर सेडानच होती की. लांबी ४.३ मीटरच्या आसपास, उंची १.६ मीटरच्या आसपास. आता क्रेटा बघा, ४,३३० आणि १,६३५ मिमी. ज्याला आपण आज एसयूव्ही म्हणून डोक्यावर घेतोय ती साधारण अँबॅसॅडरच्या मापाची आहे. उंच छत, खुर्चीसारखी सीट, गांधी टोपी न काढता बसता यायचं. व्हीलबेस बेताचाच, २,४६४, त्यामुळे गुडघ्यापुढे काही फार नव्हतं, पण मागे तिघं बसून चौथं पोर मांडीवर हे सगळ्यांनी केलंय.

मधल्या काळात वारा कापायच्या नादात आणि दिसण्याच्या नादात सेडान बसक्या होत गेल्या. २०१४ ला अँबॅसॅडरचा उत्तरपाड्याचा कारखाना बंद पडला, आणि आता आपण पुन्हा उंच बसायला जास्तीचे पैसे मोजतोय. सेडान म्हणजे खोल बसणं हे काही दगडावर कोरलेलं नव्हतं.


उंच_बस:

अँबीत पावसाळ्यात पायाखालून पाणीही यायचं, ते लिहा ना.


अँबीवाला:

ते व्हेंटिलेशन.


सुकटबोंबील:

डिकीवर कुणी नीट बोललंच नाही. लिटरच्या आकड्यावर जाऊ नका. मोजताना २०० × १०० × ५० मिमीचे ठोकळे आत रचतात, एक ठोकळा म्हणजे एक लिटर. कोपऱ्याकापऱ्यात ठोकळा जातो, तुमची बॅग जात नाही. आणि एसयूव्हीचा आकडा सहसा त्या पार्सल ट्रेपर्यंतचा, म्हणजे डिकीवरच्या झाकणफळीपर्यंतचा असतो. ट्रे काढून छतापर्यंत भरता येतं, सगळे भरतात, पण मग आरसा बंद आणि जोरात ब्रेक मारला की हापूसची पेटी मागच्यांच्या मानेवर. तुम्ही मागच्या सीटचा धागा काढलाय म्हणून हे सांगतो.

सेडानची डिकी भिंतीपलीकडे असते हा तिचा खरा फायदा. गावाहून सुकट आणा, सोडे आणा, पिकलेला फणस आणा, वास पुण्यापर्यंत डिकीतच. एसयूव्हीत आठवडाभर गाडीत फणसच बसलेला असतो.

तोंड मात्र सेडानचं अरुंद. मोठी बॅग आडवी जाईल, उभी नाही. आणि गणपती! पेणहून दोन-अडीच फुटी मूर्ती आणायची तर ती मागच्या सीटवर मधोमध ठेवून दोघांनी धरायची. मूर्ती आडवी करता येत नाही आणि सेडानच्या मागच्या दाराची कमान उतरती, मुकुट अडकतो. दरवर्षी भावाची उंच गाडी मागून आणतो आम्ही. सीएनजी घेणार असाल तर वरचं सगळं विसरा, डिकीत टाकी. होंडा सिटीच्या हायब्रिडमध्येही बॅटरीपायी डिकी ५०६ वरून ३०६ वर येते.


वीजवाला:

इलेक्ट्रिक बघत असाल तर चाकणकरांचा फ्लोअरचा मुद्दा दुप्पट लागू. बॅटरी फ्लोअरखाली असते. पेट्रोल गाडीचीच इलेक्ट्रिक आवृत्ती असेल तर बऱ्याचदा छत तिथेच राहतं आणि फ्लोअर वर येतं. मागे बसल्यावर मांडीखाली हात घालून बघाच. मुळापासून इलेक्ट्रिक म्हणून आखलेल्या गाड्यांत व्हीलबेस लांब घेऊन आणि मधला उंचवटा काढून हे भरून काढतात. मधली_सीट, तुम्ही त्यातली एखादी बघा.


तिसरा_गिअर:

अपडेट. रविवारी आईला घेऊन गेलो, मुलगाही होता. फिजिओताईंची रीत वापरली.

सेडानमध्ये आई बसली ती खुशीत. पाय लांब करता आले, पाठ टेकली, 'इथे मला झोप लागेल' म्हणाली. उतरताना मात्र माझा दंड धरून, ओढून. तिसऱ्या वेळी 'आता पुरे'. मुलाचे गुडघे पुढच्या सीटपासून मूठभर लांब, पण डोक्याचे केस छताला. त्याने मान पुढे काढून ठेवली, म्हणजे पुण्यापासून चिपळूणपर्यंत कासव.

एसयूव्हीत उलटं. चढणं-उतरणं झक्कास, हात द्यावा लागला नाही. मुलाच्या डोक्यावर वीतभर जागा. पण आईची उंची पाच फुटांच्या आतली, आणि पाठ पूर्ण टेकवली की तिच्या टाचा फ्लोअरला टेकेनात. 'पाय लोंबकळतायत रे' म्हणाली. हे माझ्या डोक्यातच नव्हतं. उंच सीट म्हणजे आईसाठी चांगली, एवढंच सगळे सांगत होते. मागची पाठ थोडी कलती होत होती, तेवढी मात्र तिला आवडली. सेडानमध्ये पाठीमागे डिकीची भिंत असते म्हणून ते सहसा मिळत नाही.

सेल्समन दोन्ही वेळा 'मॅडम, एकदम कम्फर्टेबल' म्हणाला.


चाकणकर:

आईंचं अगदी नेहमीचं आहे. सीट आखताना ठरावीक मापांचे पुतळे धरतात. त्या मापांच्या खालच्या टोकाला आपल्याकडच्या कितीतरी बायका येतात, आणि वयाबरोबर उंची आणखी कमी होते. टाचा टेकल्या नाहीत की कुशनची कड मांडीखाली दाबते आणि पाय सुजतात. उपाय महाग नाही. पायाखाली घट्ट घडीची सतरंजी किंवा तीन-चार इंचांचा लाकडी ठोकळा. घसरणार नाही असा बघा आणि तो पुढच्या सीटच्या रुळात जाऊ देऊ नका. पाठीमागे उशी लावून पुढे सरकवू नका, बेल्ट पोटावर येतो. बेल्ट मागेही लावायचाच आहे, हे वेगळं सांगत नाही.

मुलाच्या डोक्याचा प्रश्न मात्र सतरंजीने सुटत नाही. त्याची उंची अजून वाढणार आहे.


फिजिओताई:

+१. आणि दर तासा-दीड तासाने उतरवा. सीट कितीही चांगली असो.


पिवळी_पाटी:

शोरूमच्या एसीत उभ्या गाडीत बसून काय कळतंय? सेल्फ ड्राइव्हला दोन्ही प्रकारच्या गाड्या मिळतात. एका शनिवारी एक, दुसऱ्या शनिवारी दुसरी. तिघांना मागं घालून ताम्हिणी उतरा आणि परत या. गाडीच्या किमतीत तेवढं भाडं काहीच नाही.


तिसरा_गिअर:

@पिवळी_पाटी, पटलं. बायको म्हणतेय ती चालवणार आणि मी मागे मध्ये बसायचं.


मधली_सीट:

वहिनींना माझा नमस्कार सांगा. पाणी कमी प्या, उतरायला कुणी जागा देत नाही.


नवा_भिडू:

अवांतर होईल, पण सीटचाच विषय आहे म्हणून इथेच विचारतो. गाडी आली की लगेच रेक्झिनची कव्हरं टाकावीत का? दुकानदार म्हणतो जाड फोमवाली घ्या, बसायला आणखी आराम.


चाकणकर:

जाड फोमवाली अजिबात नको. कंपनीने सीटला जो खड्डा-उंचवटा दिलाय तो त्या फोमने भरून निघतो, माणूस वर उचलला जातो आणि डोक्यावरची जागा कमी होते. वर रेक्झिन घसरडं, त्यामुळे घाटात माणूस सीटवर या टोकाहून त्या टोकाला. पुढच्या सीटना हवेशीर करणारा पंखा असेल तर तो कव्हराखाली नुसता फिरत राहतो, पैसे पाण्यात.

मोठी गोष्ट वेगळीच. पुढच्या सीटच्या बाहेरच्या कुशीत साइड एअरबॅग असते. तिथे छोटी पट्टी शिवलेली दिसेल. ती शिवण फाटून एअरबॅग बाहेर येते. वरून घट्ट कव्हर ओढलं तर तिचा रस्ता अडतो. घालायचंच तर त्या जागी मोकळं ठेवलेलं कव्हर मागा, आणि दुकानदाराला ती पट्टी स्वतः दाखवा. त्याला माहीत नसेल तर दुसरं दुकान.

मागे मुलं-म्हातारी असतील तर साधं कापडी, धुता येईल असं. आणि कंपनीचं प्लास्टिक पहिल्याच दिवशी काढा. दोन-दोन वर्षं ठेवणारी माणसं मला माहीत आहेत.